बैलाच्या झुलीचा वास आणि बेल्जियमची आंबट बीअर

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आज आंबट बीअरबद्दल बोलायचंय. बिघडून आंबट झालेली नाही, मुद्दाम आंबवलेली. दोन-दोन, तीन-तीन वर्षं लाकडी पिंपात ठेवून. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला पायोटनलांड नावाचा शेतीचा पट्टा आहे, झेन्ने नदीच्या खोऱ्यातला. तिथं आणि खुद्द ब्रसेल्समध्ये ही बनते. नाव लॅम्बिक. तिच्या एक, दोन आणि तीन वर्षांच्या पिंपांचं मिश्रण करून बाटलीत भरलं की ती ग्योझ. आंबट चेरी घालून मुरवली की क्रीक. आजच्यापुरती एवढीच नावं पुरेत.

परभणीच्या पोरानं ह्यावर बोलावं म्हणजे जरा गंमतच. पण मला वाटतं, ही चव ओळखायला लागणारं नाक आपल्याकडं पुण्या-मुंबईपेक्षा जास्त तयार आहे. कसं ते सांगतो. आणि हो, महाराष्ट्रात वयाची अट आहे, परवाना लागतो, घरी बीअर गाळणं बेकायदा आहे. आपण इथं गाळायचं शिकवत नाही. चाखणं, ठेवणं आणि लिहून ठेवणं, एवढाच विषय.

आधी ती बनते कशी ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साध्या बीअरमध्ये कारखाना विकत घेतलेलं किंवा जपलेलं यीस्ट टाकतो. कुठलं, किती, कधी, सगळं ठरलेलं. लॅम्बिकमध्ये यीस्ट टाकतच नाहीत. बार्लीचं माल्ट आणि साधारण तीस ते चाळीस टक्के कच्चा गहू, ह्यांचा काढा तासन् तास उकळतात. त्यात हॉप्स घालतात ते जुने, वर्ष-दोन वर्षं ठेवून कडूपणा उतरलेले. चवीसाठी नाही, नको ते जिवाणू आवरावेत म्हणून. मग तो गरम काढा माळ्यावरच्या एका उथळ, रुंद, उघड्या हौदात ओततात आणि खिडक्या उघड्या टाकून झोपायला जातात. रात्रभर हवेतून जे पडेल ते पडेल. सकाळी निवलेला काढा लाकडी पिंपात. पिंपाच्या लाकडातही मागच्या कित्येक वर्षांचं बिऱ्हाड असतंच.

हे फक्त थंडीत चालतं, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात हवेत नको ते जीव फार होतात आणि काढा लवकर निवत नाही. ब्रसेल्समधली काँतियों ही १९०० मध्ये सुरू झालेली ब्रुअरी हेच करते. १९७८ पासून तिथं संग्रहालयही आहे. त्यांच्याकडं जाळ्या झाडत नाहीत, कारण कोळी फळांवरच्या माश्या खातात. आमच्या घरी दिवाळीच्या आधी जळमटं काढायचा जो काही कार्यक्रम असतो, तो तिथं झाला तर धंदाच बसेल.

पिंपात पुढं काय होतं ते ऐकण्यासारखं आहे. पहिले काही आठवडे आतड्यातल्या जिवाणूंच्या कुळातले जिवाणू हात मारून घेतात. त्या काळातला वास कुणी घेऊ नये. मग नेहमीचं यीस्ट येतं आणि काही महिने साखरेची दारू करतं. मग पेडिओकोकस, लॅक्टिक आम्ल करणारा, ताकाचा आंबटपणा आणणारा. हा काही परका नाही बरं, इडलीच्या पिठातही सापडतो. ह्याच्या काळात बीअर कधीकधी चिकट होते, ओतली की तार सुटते. आपल्याकडं वरणाला तार आली की आई बघते आणि सरळ फेकून देते. बेल्जियममध्ये थांबतात. कारण सगळ्यांत शेवटी, हळूहळू, ब्रेटानोमायसीस नावाचं यीस्ट कामाला लागतं. ते ती तार मोडतं, उरलेली अवघड साखर खातं, वर लोणच्यावर येतो तसा पापुद्रा धरतं आणि तो वास आणतं, ज्याच्यासाठी लोक विमानानं तिकडं जातात.

तर आता वासावर येऊ.

इंग्रजीत ह्या वासाला ठरलेला शब्द आहे, त्याचा अर्थ घोड्याच्या अंगावरचं कांबळं. चार वर्षांपूर्वी मी पहिली नोंद केली तेव्हा मीही तोच शब्द लिहिला, कारण सगळे तोच लिहितात. पण मी घोड्याच्या अंगावरचं कांबळं कधी हुंगलेलं नाही. तुमच्यापैकी किती जणांनी हुंगलंय? दुसरे शब्द गूझबेरी, रुबार्ब, ओला गवती पेंढा, जुनं तळघर. ह्यातलं तळघर सोडलं तर बाकीचं माझ्या जिभेच्या हिशेबात नाहीच. म्हणजे मी चव घेत होतो आणि दुसऱ्याच्या तोंडची नोंद करत होतो. डेटाच्या भाषेत सांगायचं तर कॉलम भरलेला, व्हॅल्यू उसनी.

मग एका दिवाळीत गावाकडं बाटली उघडली. आमचे काका माळकरी आहेत, गंगाखेड जवळ, जनाबाईचं गाव, त्यामुळं पंढरीची वारी चुकत नाही. त्यांनी ग्लास तोंडाला लावला नाही, नाकाला लावला. त्यांच्याकडं पाच-सहा म्हशी आहेत, मक्याचा मुरघास करतात. क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हे तर मुरघासाचा खड्डा उघडल्यावर यायलंय तसं यायलंय की रे.” मी दुसरा ग्लास पुढं केला, तो जुन्या बाटलीतला. “ही झूल हाय. पोळ्याला पेटीतून काढल्यावर येतंय ना, तसं.”

झूल. बैलाच्या अंगावरची झूल. वर्षभर लोखंडी पेटीत घडी घालून ठेवलेली, मागच्या पोळ्याचा घाम तशातच वाळलेला, थोडी कापडाची ऊब, थोडा गोठा, थोडा नारळाच्या पाण्याचा डाग. घोड्याचं कांबळं म्हणजे तरी दुसरं काय? इंग्रजांनी त्यांच्या तबेल्यात शोधलं, आमच्या काकांनी गोठ्यात. आणि मुरघासाचं तर विचारूच नका. मुरघास म्हणजे हवा बंद करून लॅक्टिक आम्लात मुरवलेला चारा, रसायन तेच. त्यांनी न पिता, एका वासात, दोन बाटल्यांतला फरक सांगितला. तरुण बाटली मुरघास, जुनी बाटली झूल. माझ्या चार पानांच्या इंग्रजी नोंदीत हा फरक आला नव्हता.

त्या दिवसापासून वहीचे शब्द बदलले. आज त्यातले थोडे तुम्हाला देतो. वापरून बघा, तुमचे असतील तर घाला.

आंबट हा एक शब्द नाही, पहिल्यांदा हे मान्य करू. ताकाचा आंबट गोल असतो, जिभेच्या मध्यावर बसतो, ते लॅक्टिक आम्ल. चांगल्या ग्योझमध्ये हाच जास्त हवा. लिंबाचा टोकदार असतो आणि लगेच जातो, ते सायट्रिक. चिंचेचा दाताला लागतो, टार्टारिक. शिरक्याचा नाकात आणि घशात जातो, ते ॲसिटिक, आणि लॅम्बिकमध्ये तो चिमूटभर असेल तर मजा, जास्त झाला तर पिंपाला हवा लागलेली असते. बेल्जियमच्याच रोडनबाखसारख्या तांबड्या आंबट बीअरमध्ये मात्र शिरक्याची बाजू थोडी चढीच असते, तिथं तो दोष धरायचा नाही.

आणि पाचवा आंबट, जो आपल्याशिवाय फार थोड्या लोकांना ठाऊक असेल, हरभऱ्याची आंब. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या शेतात धुतलेलं पातळ फडकं झाडांवरून फिरवायचं, दवाबरोबर पानांवरचं आम्ल फडक्यात येतं, ते पिळून बाटलीत भरायचं. पोटदुखीवर देतात. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. हिरवट, खारट, थोडं बोचरं. काही तरुण लॅम्बिकमध्ये मला अगदी हेच लागतं आणि मी आता तसंच लिहितो. “हरभऱ्याची आंब, दवासकट.” ब्रसेल्सच्या माणसाला कळणार नाही. त्याला गूझबेरी कळते, ठीक आहे, हिशेब बरोबर झाला.

सराव करायचा असेल तर बाटली लागतच नाही. चार वाट्या घ्या. ताक, लिंबू, चिंचेचं पाणी, शिरका. सगळ्यात इतकं पाणी घाला की आंबटपणा साधारण सारखा वाटेल, मीठ-साखर काही नको. डोळे मिटून घरच्या कुणाला तरी द्यायला सांगा. पहिल्या दिवशी गोंधळ होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी आंबट कुठं लागतं, किती वेळ राहतं, ह्यावरून ओळखता येतं. हा सराव मला कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा जास्त उपयोगी पडला.

फळांसाठी माझ्याकडं कवठ आहे, महाशिवरात्रीच्या सुमाराचं पिकलेलं, ज्यात गोड, आंबट आणि किंचित दारूसारखा उग्र वास एकत्र असतो. बोरं आहेत, सुकलेली. आमसूल आहे. कैरीची साल आहे. दोषांसाठी तर मराठी फारच श्रीमंत. कुबट, बुरसट, खवट, करपट, आंबूस, उग्र, हे सगळे वेगवेगळे वास आहेत आणि आपल्या आया ते एकमेकांत मिसळत नाहीत. खवट हे तेला-लोण्याचं, कुबट हे ओलीचं, बुरसट हे बुरशीचं. बीअरमध्ये लोणी जुनं झाल्यासारखा वास आला तर ते ब्युटिरिक आम्ल. आणि एक विचित्र दोष असतो, घोट घेताना काहीच नाही, गिळल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी तोंडात उंदरांच्या पिंजऱ्यासारखं येतं. तो कधीकधी काही महिने ठेवल्यावर आपोआप जातो. म्हणून त्या बाटलीच्या पुढं मी “उंदीर, परत बघणे” असं लिहितो.

आता ठेवण्याबद्दल. इथं परभणी आडवी येते.

ह्या बाटल्या बारा-चौदा अंशांच्या आसपास, अंधारात, शांत ठेवायच्या असतात. काही औदे ग्योझच्या बाटल्यांवर पुढच्या वीस वर्षांची मुदत छापलेली असते. बाटलीत ब्रेटानोमायसीस जिवंत असतं आणि हळूहळू काम करत राहतं. आपल्याकडं मे महिन्यात घरातली भिंतसुद्धा हाताला गरम लागते. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे आमच्या माळ्यावर ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात जे म्हातारपण बघते, त्याला तिकडच्या तळघरात कितीतरी वर्षं लागतील. आणि ते म्हातारपणही सरळ नसतं, शिजल्यासारखं असतं.

गमतीचा भाग असा की मराठवाड्यात तळघर होतं. पेव. जमिनीत खोल खणलेलं, तोंड अरुंद, पोट मोठं, आतून कडबा किंवा तूस लावलेलं, वर दगड आणि माती लिंपून बंद. त्यात ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला एक वेगळा आंबूस वास असायचा म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना तो आवडायचा. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी उघडं ठेवायचं, कंदील दोरीनं खाली सोडायचा, विझला तर थांबायचं. धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. माणसं गेलीत त्यात. हाच वायू ग्योझच्या बाटलीचं बूच उडवतो. आता आमच्या गावात पेवं बुजली, वर सिमेंटचे रस्ते झाले. त्यामुळं माझ्या बाटल्या फ्रिजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, भाजीच्या ट्रेमागं.

फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, म्हणजे तिथं बाटली जवळजवळ झोपते. चालेल. शिजण्यापेक्षा झोपलेली बरी. पण लाईट. उन्हाळ्यात आठ-आठ तास गेली तर काय होतं, हे मला बघायचं होतं म्हणून एक ईएसपी-३२ बोर्ड आणि डीएस१८बी२० सेन्सर लावला. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवतो, बॅटरीवर चालतो. बाटली बंद फ्रिजमध्ये फार हळू तापते, दार उघडलं नाही तर काळजी नाही, हे आकड्यांत दिसलं. दार उघडणारे लहान भाऊ ही वेगळी समस्या.

तापमान हा काही शौकिनांचा चाळा नाही, त्याची किंमत मोजावी लागलेली ब्रुअरी आहे. बेर्सेल गावातली द्री फोंतेनन. आर्मां देबेल्डर हे तिचे चालक, लॅम्बिकच्या दुनियेत ज्यांना सगळे मानत. २०२२ मध्ये गेले. मे २००९ मध्ये त्यांच्या बाटल्यांच्या उबदार खोलीतला थर्मोस्टॅट बिघडला आणि हीटर बंदच झाला नाही. खोली इतकी तापली की हजारो बाटल्या फुटल्या आणि उरलेल्या प्यायच्या लायक राहिल्या नाहीत. मग गावोगावचे चाहते जमले, हातानं एकेक बाटली उघडून ओतली आणि तिचं ऊर्ध्वपातन करून मद्य काढलं, ते विकून ब्रुअरी तगली. काही वर्षं स्वतःची बीअर उकळणंही त्यांनी बंद ठेवलं होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले एकाच सेन्सरवर भरवसा ठेवू नका म्हणून एकमेकांना सांगतो, त्याला ह्यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता बाटल्या येतात कशा, तर कुणी मित्र युरोपातून आला तर. विमानातून येणाऱ्या माणसाला करमुक्त मद्याची मर्यादा दोन लिटर. पाऊण लिटरच्या दोन आणि छोटी ३७५ मिलीची एक, झाले १,८७५ मिली. एका मित्रामागं तीन बाटल्या. त्यामुळं माझा संग्रह म्हणजे काही गोडाऊन नाही, आत्तापर्यंत सगळ्या मिळून तीसेक. थोड्या असल्यामुळंच नोंद नीट ठेवावी लागते, कारण तीच बाटली परत मिळत नाही.

नोंद म्हणजे काय काय? बनवणारा, मिश्रणाचा क्रमांक किंवा हंगाम, बाटलीत भरल्याची तारीख, माझ्याकडं आल्याची तारीख, मधल्या काळात कुठं होती, उघडल्याची तारीख, कुणी कुणी चाखली, आणि शब्द. लॅम्बिकवाले स्वतः ह्यात पक्के असतात. द्री फोंतेनन लेबलावर हंगाम आणि मिश्रणाचा क्रमांक छापते. लेम्बेक गावातली बोन ब्रुअरी एकाच मोठ्या लाकडी पिंपाच्या बीअरवर भर देऊन ग्योझ करते आणि बाटलीवर त्या पिंपाचा नंबर टाकते, “व्हॅट ४४” असा. पिंपाला नाव-गाव असलेलं मला फार आवडलं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सुरुवातीला एक्सेल होती, आता एसक्यूलाइटची छोटी फाइल. एकच नियम कडक आहे: जुनी नोंद खोडायची नाही. नवीन ओळ घालायची. २०२२ मध्ये मला जे गूझबेरी वाटलं ते तसंच राहू दे, आज त्याच बीअरला मी कवठ म्हणतो, दोन्ही दिसले पाहिजेत. बाटली बदलते, जीभही बदलते. एकाची नोंद खोडली तर दुसऱ्याचं काय झालं ते कळणारच नाही. तारांकन, म्हणजे पाचपैकी किती वगैरे, मी काढून टाकलं. पाचपैकी साडेचार ह्या आकड्यातून मला वर्षानं काहीच आठवत नाही. “झूल, चिमूटभर शिरका, शेवटी तुरट” ह्यातून अख्खी संध्याकाळ आठवते.

क्रीकबद्दल एकच सांगतो. फळ घातलेली बाटली ठेवू नका. आंबटपणा राहतो, चेरी निघून जाते. ग्योझ ठेवा, क्रीक प्या.

इथपर्यंत ऐकलेल्यांना वाटेल, ही सगळी लांबची मौज. मलाही तसंच वाटायचं, जोपर्यंत येळवस आली नाही.

वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. मुख्यतः लातूर-धाराशिवचा सण, पण गंगाखेड-सोनपेठच्या बाजूला आमच्याकडंही काही घरांत करतात. शेतात जायचं, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक, दोन-तीन दिवस आधी घालून आंबवलेलं, मग शिजवून मीठ, लसूण, जिरं. उन्हाळ्यात आंबील एका रात्रीत येते, थंडीत दिवस लागतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा डिसेंबरात बातम्यांत येतो, तेव्हा मडकं चुलीशेजारी सरकवलेलं असतं. थंडी, हवेतले आणि भांड्यातले जिवाणू, लॅक्टिक आम्ल, थांबणं. नशेचा भाग सोडला, आंबिलीत तो ताकाइतकाच, तर गोष्ट तीच.

आई म्हणाली, “मडकं लई घासायचं नसतंय. पाण्यानं विसळायचं अन् उन्हात ठेवायचं.” आणि मी एकदम काँतियोंच्या पिंपांवर पोचलो. पण नुसतं ऐकून मानणं माझ्या पेशाला शोभत नाही, म्हणून मागच्या येळवशीला एकाच पिठाची, एकाच ताकाची आंबील दोन ठिकाणी घातली. जुनं मडकं आणि स्टीलचा डबा. खुणा लपवून घरातल्यांना दिली. दुसऱ्या दिवशी कुणालाच फरक सांगता आला नाही, मलाही नाही. तिसऱ्या दिवशी आईनं आणि काकांनी मडक्याची बरोबर ओळखली. स्टीलमधली नुसती आंबट होती. मडक्यातलीला मागून काहीतरी होतं, ओल्या मातीचं आणि थोडं सुकलेल्या बोराचं. एकदाच केलेला प्रयोग आहे, ह्यावरून काही सिद्ध होत नाही. ह्या वर्षी परत करणार.

पण पीठ कुठलं, ह्यावर गाडी अडली. मी वहीत ओळ घालायला बसलो, “ज्वारी: ?” असं आलं. आई म्हणाली, आधी घरची असायची, आता बाजारातली. आमच्याकडं खरिपात सोयाबीन झालं, रब्बीला हरभरा. ज्वारी पाखरांमुळं, काढणीच्या मजुरीमुळं मागं पडली. परभणीच्या विद्यापीठानं ज्वारीचे वाण काढले, परभणी मोती, परभणी ज्योती, लोह-जस्त जास्त असलेली परभणी शक्ती. त्या वाणांचं उत्पन्न, दाण्याचं वजन, कडबा, सगळं नोंदलेलं आहे. त्यातल्या कुठल्या वाणाची आंबील कशी लागते, हे आमच्या गावात कुणी लिहिलेलं नाही. ज्यांना तोंडपाठ होतं त्या बाया ऐंशीच्या पुढं आहेत. मालदांडीची आंबील गोडसर यायची, एवढंच एका आजीनं सांगितलं. हायब्रीडच्या आंबिलीला त्यांनी जो शब्द वापरला तो इथं बोलत नाही.

लॅम्बिकही अशीच जाता जाता राहिली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांना गोड पेयं आवडायला लागली, मिश्रण करणारी घरं एकामागून एक बंद पडली, उरलेल्यांतल्या काहींनी साखर घालून ग्योझ विकली. १९९७ मध्ये उरल्यासुरल्यांनी मिळून संघटना काढली, देबेल्डर तिचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी युरोपीय संघानं औदे ग्योझ ह्या नावाची व्याख्या कायद्यात आणली. मिश्रणाचं सरासरी वय किमान एक वर्ष, सगळ्यांत जुना भाग किमान तीन वर्षं लाकडात मुरलेला. कागदावर दोन ओळी. पण त्यामुळं “खरी कुठली” ह्या भांडणाला उत्तर मिळालं आणि तरुण मुलं परत ह्या धंद्यात आली. गोव्यात फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही असंच. काजूची गळून पडलेली फळं, तुडवून काढलेला रस, यीस्ट न घालता आंबवलेला, मग भट्टी. आंबवण्याच्या बाबतीत फेणी आपल्या जवळची सर्वांत सख्खी नातेवाईक, फक्त ऊर्ध्वपातनात आंबटपणा बराचसा मागं राहतो. तिच्या पहिल्या धारेच्या उर्राकमध्ये मात्र फळाची ओळख शिल्लक असते. मार्च ते मे गोव्यात गेलात तर चाखून बघा आणि गाव आणि महिना लिहून ठेवा. घरगुती बाटलीवर लेबल नसतंच.

आंबिलीला कायदा नको, कुणी मागतही नाही. पण माझ्या फाइलमध्ये आता दोन तक्ते आहेत. एकात बेल्जियमच्या तीसेक ओळी, दुसऱ्यात आंबिलीच्या अकरा. चवीचे शब्द दोन्हींना एकच यादी पुरवते आणि हे मी ठरवून केलेलं नाही, शब्दच तेवढे होते. “बोर, सुकलेलं” हा शब्द एका सहा वर्षं जुन्या ग्योझला आणि आईच्या तिसऱ्या दिवशीच्या आंबिलीला, दोन्हीकडं लागलाय. काकांना ही ओळ दाखवली. ते म्हणाले, आंबिलीचं पटतंय, दुसऱ्याचं माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अजून मडक्यात आंबील घालत असतील, तर ह्या येळवशीला एवढं विचारून लिहा. ज्वारी कुठली आणि कुणाच्या शेतातली. पीठ कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी भिजवलं. ताक होतं का नुसतं पाणी. मडकं किती जुनं. थंडी किती होती. आणि चव कशी लागली, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द, जसाच्या तसा, तुम्हाला कळला नाही तरी. मला पाठवा, बाराव्या ओळीपासून जागा आहे.

चला, येतो. पुढच्या भागात आपला एक दोस्त लोणच्याच्या बरणीत बुडबुडे का येतात ते सांगणार आहे.